बेहेऱ्यांचा गुडघा

पावस गावच्या दत्तात्रेय बेहेऱ्यांना माणसांची किंमत फार लवकर कळत असे. येणारा माणूस अंगण ओलांडून ओटीवर चढेपर्यंत तो किती मूर्ख आहे हे त्यांनी ठरवलेलं असायचं, आणि तो चहा पिऊन परत जाईपर्यंत मत बदलायची त्यांना गरज पडायची नाही. शेतकी खात्यातले लोक बिनडोक, वाशीचे दलाल चोर, मुंबईला गेलेले चुलतभाऊ ऐतखाऊ, डॉक्टर म्हणजे कसाई. बायको वासंती यात नेमकी कुठे बसते हे त्यांनी कधी सांगितलं नाही. "तुला काय कळतंय त्यात" एवढ्यावर तिचं भागायचं. लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झाली, तरी तेवढ्यावरच भागत होतं.

वासंतीचंही नवऱ्याबद्दल एक मत होतं. तिच्या मते हा माणूस भित्रा होता. उठता-बसता दुसऱ्याची अक्कल काढणारा माणूस आतून कशाला तरी टरकलेला असतो, हे तिनं सासरी आल्यावर वर्षभरात ओळखलं होतं. बोलून मात्र कधी दाखवलं नव्हतं. तिला वाटायचं, बोलून एवढा मान तरी कशाला द्यायचा.

२००४ च्या मे महिन्यात शेवटची तोडणी चालू होती. विहिरीजवळच्या जुन्या कलमाच्या एका फांदीवर पाच-पन्नास आंबे राहिले होते. धोंडू झाडाखाली झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन उभा होता. तो बेहेऱ्यांकडे बापाच्या वेळेपासून कामाला.

"काका, ती फांदी नुको," धोंडू म्हणाला. "भिरूड लागलाय तिला. आतनं पोखरलीय. ऱ्हाऊदे तेवढे आंबे."

"भिरूड तुझ्या डोक्याला लागलाय," दत्तात्रेय म्हणाले. "तुझ्या बापाला झाडावर चढायला मी शिकवलं, मेल्या. हो बाजूला."

बासष्टाव्या वर्षी पायजमा गुडघ्यावर दुमडून ते चढले. वासंती पडवीत आढीतले आंबे निवडत होती. तिला आधी फांदीचा कडाड आवाज आला आणि मग पोतं आपटल्यासारखा. ती धावत पोचली तेव्हा दत्तात्रेय झाडाखालच्या कातळावर बसले होते, डावा पाय हातांत धरून. सरळ उभे त्या पायावरच आले होते. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडलेला. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "धोंड्या, तू फांदी हलवलीस."

धोंडू त्या वेळी दहा हात लांब उभा होता. त्यानं काकांना पाठीवर घेतलं आणि घरात आणून कॉटवर ठेवलं.

गुडघ्याला लगेच सूज आली. "रत्नागिरीला जाऊया, एक्स-रे काढूया," वासंती म्हणाली. "तुला काय कळतंय त्यात," दत्तात्रेय म्हणाले. "लचकलाय नुसता. रावजीला बोलवा."

रावजी हा पंचक्रोशीतला हाडवैद्य. दत्तात्रेय एरवी त्याला गांजेकस म्हणायचे. पण रावजी कापाकापी करत नव्हता आणि घरी येत होता, एवढ्यावर तो त्या दिवसापुरता धन्वंतरी ठरला. त्यानं गुडघा दाबला, दत्तात्रेय किंचाळले, आणि रावजीनं निदान केलं, "शीर सरकलीय." मग कसल्या तरी पाल्याचा लगदा थापला, वर बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलं. "तीन दिवसांत चालाल," असं सांगून तो दोन डझन आंबे घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावलाची बोटं फुगून चकाकायला लागली. वासंतीनं न विचारता कात्री आणली आणि पट्टी कापली. आतल्या कातडीवर पाण्याने भरलेले फोड आले होते, काही फुटलेले. नडगीचा वरचा भाग काळानिळा झाला होता आणि गुडघा कुठे संपतो, पाय कुठे सुरू होतो, काही कळत नव्हतं.

"बांधून ठेव परत," दत्तात्रेय कुजबुजले. त्यांना तिकडे बघवत नव्हतं.

वासंतीनं धोंडूला हाक मारली. गाडी आंब्याच्या टेम्पोशिवाय दुसरी नव्हती. मागे पेट्या लागल्या होत्या, मध्ये पेंढा पसरून त्यात मालकाला आडवा केला. रत्नागिरीपर्यंत दत्तात्रेय हापूसच्या वासात पडून कण्हत होते. प्रत्येक खड्ड्याला ते ड्रायव्हरच्या आईचा उद्धार करायचे. पेट्या मात्र शहाण्यासारख्या गप्प होत्या, असं वासंतीच्या मनात येऊन गेलं.

मारुती मंदिराच्या मागच्या बाजूला एक छोटं हाडांचं इस्पितळ होतं. तिथला डॉक्टर पस्तिशीतला होता, सावळा, उंच. त्यानं पाय बघितला. मग वास घेतला.

"हा पाला कुणी लावला?"

"आमच्याकडे एक वैद्य..." वासंती सांगायला लागली.

"वैद्य," डॉक्टर म्हणाला. शब्द उच्चारून झाल्यावर तो जरा थांबला, तोंडातलं काहीतरी थुंकायचं राहून गेल्यासारखा. "आंब्याच्या पेटीला तुम्ही असं बांधाल का हो काका? फळ चेपेल म्हणून नाही बांधणार. पाय काय, फुकटचा."

इतक्या वर्षांत दत्तात्रेयांशी या सुरात कुणी बोललं नव्हतं. वासंती खाली बघून ओठ दाबत उभी राहिली.

एक्स-रे आल्यावर त्यानं तो उजेडाच्या पेटीवर लावला आणि दोघांना दाखवला. "हे मांडीचं हाड. ते खाली या नडगीच्या माथ्यावर टेकतं. हा माथा सपाट पाहिजे, पाटासारखा. तुमचा पाट फुटलाय. बाहेरच्या बाजूचा तुकडा बाजूला सरकलाय आणि मधला भाग खाली रुतलाय. अंगणातला चिरा खचतो ना, तसा. असाच सोडला तर पाय वाकडा होणार आणि गुडघा जन्मभर दुखणार. ऑपरेशन करून खचलेला भाग खालून उचलायचा, पोकळी राहील तिथे तुमच्याच कमरेचं हाड थोडं काढून भरायचं, आणि बाजूनं पट्टी लावून स्क्रूंनी धरायचं."

"कमरेचं हाड?" दत्तात्रेयांचा आवाज चिरकला. "कंबर चांगली आहे माझी!"

"म्हणूनच त्यातलं घ्यायचं. पण आज नाही. या फोडांवर चाकू लावला तर जखम भरणार नाही. वैद्यांची कृपा. सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत थांबायचं."

टाचेच्या हाडातून सळई घालून, कॉटच्या पायथ्याशी वजन टांगून दत्तात्रेयांना निजवलं. डॉक्टर गेल्यावर त्यांनी नर्सला त्याचं नाव विचारलं. निहार डोर्लेकर, ती म्हणाली. पूर्णगडचे.

दत्तात्रेय छताकडे बघत बराच वेळ हिशेब जुळवत राहिले. मग त्यांना आठवलं. "कमळी खारवीण! डोक्यावर माशांची पाटी घेऊन आपल्या बेड्याच्या फाटकासमोरून जायची. तिचा हा पोर. अगं, मी तिला कितीदा हाकलली असेन, वास येतो म्हणून." ते उठून बसायला गेले, वजनानं पाय खेचला आणि परत आडवे झाले. "खारव्याच्या पोराच्या हातात मी पाय देणार नाही. ॲम्ब्युलन्स बोलाव. पुण्याला जाऊ. तिथे आपले डॉक्टर आहेत."

"आपले म्हणजे?"

"आपले म्हणजे आपले. तुला काय कळतंय त्यात."

वासंती खुर्चीतून उठली. खिडकीतली पाण्याची बाटली घेऊन एक घोट प्यायली. "बोलावते ॲम्ब्युलन्स," ती म्हणाली. "आंबा घाटातून जा, प्रत्येक वळणाला त्या पायाला काय होतं ते बघत. मी येणार नाही. बागेत शेवटची तोड आहे, ती धोंडूला आणि मला उरकायला हवी."

"तू येणार नाहीस?"

"नाही."

दत्तात्रेयांनी तिच्याकडे बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. अनोळखी माणसांत एकटं पडून राहायची त्यांना किती धास्ती आहे हे तिला नेमकं ठाऊक होतं. तासाभरानं नर्स संमतीचा कागद घेऊन आली तेव्हा त्यांनी मुकाट सही केली. वर एवढं म्हणाले, "घाट खराब आहे म्हणून थांबतोय."

आठवड्याच्या वर दिवस गेले. रोज सकाळी डॉक्टर येऊन कातडी चिमटीत धरून बघायचा आणि मान हलवून निघून जायचा. दत्तात्रेय त्याच्याशी बोलायचे नाहीत. त्याची पाठ वळली की बोलायचे. शेजारच्या कॉटवर हात मोडलेला एक एसटी ड्रायव्हर होता. त्याला ऐकवायचे की पूर्वी डॉक्टर घराण्यावरून पारखले जायचे. ड्रायव्हर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपेचं सोंग करायचा.

एका सकाळी कातडीला बारीक सुरकुत्या दिसल्या आणि ऑपरेशन झालं. कमरेत भूल दिल्यामुळे दत्तात्रेय जागे होते. वासंती बाहेर बाकावर बसून होती. दोन-अडीच तासांनी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या हसू आवरत होत्या.

"काकू, व्यवस्थित झालं. सांधा छान जुळलाय. पण काका फार बोलले हो! सुरुवातीला सगळ्यांना सूचना देत होते. मग ड्रिलचा आवाज सुरू झाला तसे गप्प. मग मोठ्याने स्तोत्र म्हणायला लागले आणि मध्येच विसरले. पुढे काय, पुढे काय, असं आम्हाला विचारायला लागले. आम्हाला कुणाला येतंय! शेवटी डॉक्टर डोर्लेकरांनी खाली हाडात मान घालूनच पुढची ओळ सांगितली. मग दोघांनी मिळून पूर्ण केलं."

"डॉक्टरांनी?"

"त्यांची आई रोज म्हणते म्हणे. आणि टाके घालून ते जवळ आले तर काकांनी त्यांचा हात धरला तो सोडेचनात. खोलीत नेईपर्यंत."

वासंतीनं हे नवऱ्याला कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. संध्याकाळी ते चहा पिताना म्हणाले, "ठोकाठोकी सुताराची. त्याला काय अक्कल लागते."

घरी पाठवताना निहार डोर्लेकरनं दोघांना समोर बसवून बजावलं. गुडघा रोज वाकवायचा, दुखलं तरी. पण पाय जमिनीला टेकवायचा नाही. "तीन महिने. वॉकरवर उजव्या पायानंच. खाली भरलेलं हाड अजून कच्चं आहे, वजन पडलं तर पाट पुन्हा खचेल. समजलं का काका?"

"मी बहिरा नाही," दत्तात्रेय म्हणाले.

त्यानंतर बेहेऱ्यांच्या घरातून सकाळ-संध्याकाळ आरोळ्या ऐकू यायला लागल्या. वासंती कॉटच्या कडेला बसून एक हात मांडीखाली घालायची आणि दुसऱ्या हातानं नडगी हळूहळू मागे न्यायची. दत्तात्रेय आईला हाका मारायचे, देवाला हाका मारायचे, वासंतीला हडळ म्हणायचे. "अजून थोडा," ती म्हणायची. शेजारची हौसाकाकू कुंपणावरून विचारायची, बरं आहे ना सगळं? "बरं आहे, व्यायाम चाललाय," वासंती उत्तर द्यायची. नवऱ्याला असं हातात धरून वाकवण्यात तिला बरं वाटायचं, हेही खोटं नाही. पण तिनं कधी जास्त ओढलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, रोज, न चुकता. गुडघा नव्वदच्या पुढे वाकायला लागला.

मधल्या काळात उरलेला आंबा कॅनिंगला गेला, झाडांभोवती आळी खणून झाली, खत पडलं. धोंडू विचारायला यायचा तो वासंतीकडे. पहिल्यांदा त्यानं खिडकीकडे, म्हणजे काकांच्या कॉटकडे, बघत विचारलं होतं. नंतर तो सरळ पडवीत यायला लागला. ओरडल्याशिवाय बागेत पान हलत नाही असं दत्तात्रेय इतकी वर्षं सांगत आले होते. पानं व्यवस्थित हलत होती.

जुलैत पावसानं दोन दिवस उघडीप दिली. वासंतीनं धोंडूला सांगितलं, विहिरीजवळच्या कलमाची ती मोडलेली फांदी बुंध्यापासून कापून टाक, भिरूड खाली उतरतोय. धोंडूनं करवत लावली. तो आवाज कॉटपर्यंत गेला.

"कुणाला विचारून?" दत्तात्रेय खिडकीतून ओरडले. कुणी ऐकलं नाही. "माझ्या आजोबांनी लावलेलं झाड आहे!" करवत चालूच.

मग वासंतीला अंगणात वॉकर पडल्याचा आवाज आला. तिनं मागे वळून बघितलं. दत्तात्रेय दोन्ही पायांवर ओल्या अंगणातून चालत येत होते, हात वर करून, लालबुंद होऊन. "थांबा!" ती किंचाळली. ते थांबले नाहीत. पायऱ्या उतरले, चिखलातून झाडापर्यंत आले, धोंडूच्या हातातून करवत हिसकावून घेतली, आणि तिथेच खाली कोसळले.

नवा एक्स-रे निहार डोर्लेकरनं जुन्याच्या शेजारी लावला. दोन्हींवर पाटाच्या रेषेवरून त्यानं बोट फिरवलं.

"हा पाट मी वर उचलून बसवला होता," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही खाली बसवलात."

"परत ऑपरेशन?" वासंतीनं विचारलं.

"आता हाड धरत आलंय. पुन्हा फोडण्यात अर्थ नाही. पाय थोडा बाहेरच्या अंगाला झुकेल. काठी लागेल. मांडी घालून बसणं विसरा." मग तो दत्तात्रेयांकडे वळला. "फांदी वाचली का काका?"

दत्तात्रेयांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरनं एक्स-रे काढून पाकिटात घातले. तो रागावला नव्हता. रागवायच्या लायकीचं समोर काही आहे असं त्याला वाटत नव्हतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दिवाळीपर्यंत दत्तात्रेय काठी टेकत बाजारात जायला लागले. कुणीही विचारलं, काय दत्तूभाऊ, पाय कसा काय वाकडा राहिला, की उत्तर तयार असायचं. "खारव्याच्या पोराकडून मासे कापून घ्यावेत, पाय नव्हे." लोक हसायचे. हसतात म्हटल्यावर दत्तात्रेयांना हुरूप यायचा. वाण्याच्या दुकानात, देवळाच्या पारावर, रत्नागिरीच्या बसमध्ये, तेच वाक्य. म्हणता म्हणता त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. अंगण, वॉकर, करवत, सगळं पुसून गेलं.

हौसाकाकूच्या नवऱ्याचं मनगट मोडलं तेव्हा ती त्याला घेऊन कोल्हापूरला गेली. "तुमच्याकडे काय झालं ते बघितलं ना आम्ही," ती वासंतीला म्हणाली.

त्या आठवड्यात वासंती नवऱ्याच्या दुखण्याच्या गोळ्या लिहून आणायला म्हणून इस्पितळात गेली. गोळ्या लिहून झाल्या तरी ती उठली नाही.

"डॉक्टर, आमचे हे गावात तुमच्याबद्दल काय काय बोलतात. मला फार लाज वाटते. तुमची काही चूक नाही, मला माहीत आहे."

"काय बोलतात ते मला कळलंय. मासे कापायचं," तो म्हणाला. "माझी आई हसली ऐकून. म्हणाली, त्या बेहेऱ्याला मासा कापता तरी येतो का."

"पण मला खरंच..."

"काकू," त्यानं पेन ठेवलं, "तुम्हाला माहीत आहे हे मला सांगून काय उपयोग? मलाही माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगितलंत का कधी?"

वासंतीनं गोळ्यांची चिठ्ठी उचलून घडी घातली. त्यानं बेल वाजवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ज्या नजरेनं तो दत्तात्रेयांकडे बघायचा त्याच नजरेनं त्यानं आपल्याकडेही बघितलं, हे तिला जिन्यावर कळलं. एसटीत तिचे कान पेटलेले होते. इतकी वर्षं ती नवऱ्याला मनातल्या मनात तुच्छ लेखत आली होती आणि त्यालाच आपला मोठेपणा समजत होती. बाहेरून बघणाऱ्याला दोघंही एकाच माळेचे मणी दिसत होते.

पुढच्या वैशाखात चुलत पुतण्या शौनक याच्या मुलाची, वेदची, मुंज होती. मांडवात पंगत बसली. दत्तात्रेयांना खाली बसता येत नसल्यामुळे त्यांच्यासाठी कडेला टेबल-खुर्ची मांडली होती. त्यामुळे ते सगळ्यांच्या वर दिसत होते आणि त्यांना ते आवडलंही होतं. वासंती मठ्ठ्याचं भांडं घेऊन वाढत होती. पुण्याहून आलेल्या कुणीतरी विचारलं, दत्तूकाका, पायाचं काय झालं हो?

"काय होणार! खारव्याच्या पोराकडून मासे कापून घ्यावेत..."

पंगत हसली. ज्यांनी आधी ऐकलं होतं तेही हसले.

"खोटं आहे ते," वासंती म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण भांडं हातात धरून पंगतीच्या मधोमध उभी होती. हसणं विरलं.

"डॉक्टरांनी पाय सरळ बसवून दिला होता. तीन महिने टेकवू नका म्हणून माझ्यासमोर बजावलं होतं. हे वॉकर फेकून अंगणात गेले, एका किडक्या फांदीपायी. सांधा त्यांनी स्वतः खचवला. आणि ऑपरेशनच्या वेळी भीतीनं स्तोत्र विसरले, तेव्हा पुढचं त्याच डॉक्टरांनी म्हणून दाखवलं. त्यांचा हात धरून ठेवला होता ह्यांनी, सोडवत नव्हता. विचारा ह्यांनाच."

कुणी विचारलं नाही. कुणाच्या तरी पानावर जिलबी पडल्याचा आवाज झाला. शौनक घाईघाईनं म्हणाला, "वाढा, वाढा, भात वाढा."

दत्तात्रेयांचा चेहरा झाडाखाली झाला होता तसाच पांढरा झाला. पानावरून उठून जायचं म्हणून त्यांनी टेबलावर हात टेकले. खुर्ची बुटकी होती, डावा गुडघा पुरेसा मागे जात नव्हता, आणि काठी घसरून खाली पडली होती. दोनदा प्रयत्न केला. मग ते वासंतीकडे बघायला लागले, हात अर्धवट पुढे करून.

वासंतीनं पाहिलं. तिच्या रांगेत अजून सात-आठ पानं राहिली होती. "मठ्ठा?" तिनं पुढच्याला विचारलं. त्यानं वाटी पुढे केली. शेवटच्या पानापर्यंत वाढून झाल्यावर तिनं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले, आणि जाऊन नवऱ्याला उठवलं.

दत्तात्रेय पुढे पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आणि तिला त्याचा त्रास झाला नाही. बाजारात त्यांनी पायाचा विषय पुन्हा काढला नाही. कुणी विचारलं तर "वय झालं" म्हणायचे. घरात मात्र अजूनही, गोळी घेताना, पाणी पुढे करणाऱ्या वासंतीला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटायचे, "खारव्याचा पोर."

"घोट घ्या," वासंती म्हणायची. "गोळी त्यांनीच दिलीय."